त्सिफ्राचा चामडी पट्टा आणि तुमचं दुखरं मनगट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय 26. पियानोच्या सातव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा झाल्या आहेत, घरी डिजिटल पियानो आहे. हंगेरियन पियानोवादक ज्यॉर्ज सिफ्राने ऑक्टेव्हमध्ये (एक स्वर आणि सप्तकभर वरचा तोच स्वर, दोन्ही एकदम) वाजवलेलं 'फ्लाइट ऑफ द बम्बलबी', म्हणजे भुंग्याचं उड्डाण, ऐकून तुम्ही ते बसवायला घेतलंत आणि तीन महिन्यांत उजवं मनगट दुखायला लागलं. तुरुंगात दगड वाहून त्याची मनगटं पोलादी झाली आणि पुढे तो चामडी पट्टा बांधूनच वाजवायचा, असं कुठेतरी वाचलंत. म्हणून जिममधला रिस्टबँड बांधून सराव तसाच चालू ठेवलात. आता विचारताय की पट्टा कोणता चांगला, सिफ्रा नुसता सर्कशीतला कसरतपटू होता हा आरोप खरा का, ऐकायला सुरुवात कुठून करू, आणि 1985 च्या सुमाराचं त्याचं संगीतकार लिस्टच्या कॉन्चेर्तोचं (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचं) ध्वनिमुद्रण कुठे मिळेल.

पट्टा काढून ठेवा. एवढं आत्ता करा, बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

नावाचं आधी उरकतो. हंगेरियनमध्ये 'सीझेड' या जुन्या जोडाक्षराचा उच्चार 'त्स' असा होतो. आपल्याला तो परका नाही, 'चमचा'तला च आहे ना, तोच. हिंदीवाल्यांना तो शिकवावा लागतो, आपल्याकडे घरचाच आहे. फक्त त्याला इकार लावायची आपल्या जिभेला सवय नाही, म्हणून मी 'त्सिफ्रा' लिहितो. फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर ज्यॉर्जचा (György) जॉर्ज (Georges) झाला, त्यामुळे ध्वनिमुद्रणं शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

आता पट्ट्याची गोष्ट. तुमच्या समजुतीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे आणि मनगटाचं दुखणं तिथूनच सुरू झालंय असं मला वाटतं. तारखा ओळीने लावून बघू.

त्सिफ्राचा जन्म 5 नोव्हेंबर 1921 चा, बुडापेस्टमधला, अत्यंत गरीब रोमा (जिप्सी) कुटुंबातला. वडील सिंबालोम वाजवायचे. सिंबालोम म्हणजे आपल्या संतूरच्या नात्यातलं वाद्य, पण अंगाने मोठं, हातातल्या दोन काठ्यांनी वाजवायचं. पहिल्या महायुद्धाआधी हे कुटुंब पॅरिसमध्ये होतं. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना तिथून जावं लागलं आणि ती माणसं बुडापेस्टच्या झोपडवस्तीत येऊन पडली. बहीण पियानो शिकत होती. आजारी पोरगा अंथरुणातून तिचे हात बघायचा आणि ती उठली की तेच वाजवायचा. नोटेशन त्याला येत नव्हतं. वडील चाल गुणगुणायचे आणि हा ती वाजवून, खुलवून दाखवायचा. पाचव्या वर्षी तो एका सर्कशीत बसला. प्रेक्षकांतून कोणी ऑपेरेतली चाल सुचवायचं, कोणी वॉल्ट्झ, आणि तो तिथल्या तिथे त्यावर रचना बांधायचा. नवव्या वर्षाच्या आसपास बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत त्याला वयाची अट बाजूला ठेवून घेतलं. तिथे एर्नो डोह्नानीसारख्या गुरूची शिस्त लाभली.

1942 मध्ये सैन्यात भरती, मग आघाडी, मग कैद. युद्धानंतर पोटासाठी बुडापेस्टच्या बारमध्ये आणि कॅफेमध्ये रात्र रात्र वाजवणं. 1950 मध्ये बायको-मुलासह सीमा ओलांडताना तो पकडला गेला आणि 1953 पर्यंत तुरुंगात होता. दगड वाहण्याची सक्तमजुरी झाली ती याच काळात.

म्हणजे दगडांच्या आधी वीसेक वर्षांची तयारी त्याच्या हातात होती. दगडांनी ती दिली नाही, उलट तिचं नुकसान केलं. मनगटाचे स्नायुबंध इतके ताणले गेले की पुढे वाजवताना आधारासाठी त्याला चामडी पट्टा लागायचा, आणि त्या दिवसांची खूण म्हणूनही तो बांधायचा. थोडक्यात, जखमी माणसाने घेतलेली ती कुबडी होती. आपण ती बघतो आणि व्यायामाचं साधन समजतो. लंगडणारा धावपटू जिंकला म्हणून कुणी काठी घेऊन पळायचा सराव करत नाही.

आणि जुन्या तयारीचा पुरावाही आहे. 22 ऑक्टोबर 1956 ला बुडापेस्टमध्ये मारिओ रोस्सीच्या संचालनाखाली त्याने बार्टोकचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो वाजवला, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. या कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागात तंतुवाद्यं पूर्ण गप्प असतात आणि पियानोला श्वास घ्यायला जवळजवळ जागा नाही. तुरुंगातून सुटून तीन वर्षं झालेला, दुखऱ्या मनगटाचा माणूस हे वाजवतोय. ताकदीच्या जोरावर ते पार पडलं असतं असं मला अजिबात वाटत नाही. ऐकताना लक्षात येतं की तो जोर लावतो तो ठरावीक जागी आणि लगेच सोडून देतो. दुसऱ्या दिवशी, 23 ऑक्टोबरला, हंगेरीतला उठाव सुरू झाला. त्या धामधुमीत तो कुटुंबासह व्हिएन्नाला निसटला, तिथून पॅरिसला गेला आणि वयाच्या पस्तिशीत त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली.

आता तुमचं मनगट. इथे तीन गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर बरंचसं त्यांच्यावर अवलंबून आहे: पंजा केवढा आहे, दुखतं नेमकं कुठे, आणि डिजिटल पियानो कसला आहे. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, किंवा सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर पुढचं काही करू नका, आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. फक्त वाजवतानाच कोपर ते मनगट या भागात जळजळ होत असेल आणि हात खाली सोडल्यावर मिनिटभरात जात असेल, तर बहुधा तंत्राची चूक आहे. रिस्टबँडचा तोटा हाच की तो ही सूचना दाबून टाकतो. शिवाय मनगट एका कोनात धरून ठेवल्यावर ऑक्टेव्हची सगळी हालचाल कोपराच्या जवळच्या स्नायूंवर जाते, आणि तिथेच मग नवं दुखणं सुरू होतं.

पंजाचं म्हणाल तर पियानोवर एक ऑक्टेव्ह कीच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतो. वेगात ऑक्टेव्ह वाजवायचे तर हात ऑक्टेव्हला 'पोचणं' पुरत नाही, नववा स्वर सहज धरता यायला हवा. जेमतेम पोचणारा हात सतत ताणलेला राहतो, आणि ताणलेलं मनगट उसळत नाही. तुमचा हात जेमतेम पोचत असेल तर स्पष्ट सांगतो, ही रचना तुमच्यासाठी नाही. पियानोच्या साहित्यात दुसरं डोंगराएवढं पडलंय.

हात पुरेसा असेल तर एक हिशेब करून बघा, मला तो फार उद्बोधक वाटतो. त्सिफ्राच्या भुंग्यात रंगीत सप्तकाचे (अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारे) स्वर दोन्ही हातांत वाटून दिलेले आहेत: एक ऑक्टेव्ह डावा, पुढचा उजवा, पुन्हा डावा. मेट्रोनोम 160 धरला, म्हणजे मिनिटाला 160 ठोके, आणि एका ठोक्याला चार स्वर, तर सेकंदाला साधारण 10.7 स्वर होतात. पण प्रत्येक हाताच्या वाट्याला त्यातले निम्मेच, म्हणजे सेकंदाला 5.3. आता लिस्टची सहावी हंगेरियन रॅप्सडी घ्या. तिच्या शेवटच्या भागात उजवा हात एकटा त्याच स्वरावर ऑक्टेव्ह ठोकत राहतो. तिथे मेट्रोनोम 100 ठेवला तरी एका हाताला सेकंदाला 6.7 पडतात, आणि तेही पानंच्या पानं. म्हणजे ऐकायला भुंगा दुप्पट भयंकर वाटतो, हाताला मात्र रॅप्सडी जड जाते. इतक्या हलक्या वाट्यात तुमचं मनगट दुखतंय, याचा अर्थ एका हाताची पाळी संपल्यावर तुम्ही तो सोडत नाही आहात. दुसरा हात वाजवत असताना पहिला हवेत आवळलेलाच राहतोय. माझ्याकडे येणाऱ्यांत ही चूक सर्वांत जास्त दिसते.

ती काढायची कशी ते सांगतो. पहिले दोन आठवडे ऑक्टेव्ह पूर्ण बंद. हे दिवस फक्त अंगठ्यांचे. अशा अदलाबदलीच्या ऑक्टेव्हमध्ये डाव्या हाताचा अंगठा त्याच्या ऑक्टेव्हचा वरचा स्वर वाजवतो आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्या ऑक्टेव्हचा खालचा, त्यामुळे चाल दोन अंगठ्यांमध्येच फिरते. दोन्ही अंगठ्यांनी आळीपाळीने ती एकेरी ओळ वाजवा. मेट्रोनोम 60, ठोक्याला चार स्वर. तेव्हाच ठरवा की कुठल्या जागी कोणता हात आत, म्हणजे लाकडी झाकणाच्या बाजूला जाणार आणि कोणता बाहेर राहणार. हे आधी ठरवलं नाही तर वेगात अंगठे एकमेकांवर आदळतात आणि टक्कर टाळायला मनगटं बाहेरच्या बाजूला मुरडतात. करंगळीच्या अंगाने दुखत असेल तर ही मुरडच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. पेन्सिलने नोटेशनवर 'आत' लिहून ठेवा, लाज वाटू देऊ नका.

मग ऑक्टेव्ह, पण चारच्या तुकड्यांत. चार स्वर, थांबा, दोन्ही हात मांडीवर पडू द्या, पुन्हा चार. तुकड्याच्या पहिल्या स्वरावर हात वजनाने पडतो, उरलेले त्या उसळीवर होतात. तुकडा झाल्यावर खांदा वर गेलाय का बघा. गेला असेल तर तो तुकडा मोजायचा नाही. चारचे तुकडे विनासायास जमले की आठचे, मग सोळाचे. मेट्रोनोम एका वेळी चारनेच वाढवा. एका बैठकीत पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, मधे किमान तासाभराचं अंतर. सलग अर्धा तास ऑक्टेव्ह घोटण्याने काही हाती लागत नाही, हात थकला की तो चुकीची हालचाल पाठ करतो.

बोटांचं: पांढऱ्या कीवर अंगठा-करंगळी, काळ्यावर अंगठा-अनामिका हा सर्वसाधारण नियम. लहान हाताला काळ्यावर अनामिका ठेवताना मनगट वळवावं लागतं, त्यांनी सगळीकडे करंगळीच वापरावी. मधली दोन बोटं आडवी पडून भलत्याच की दाबत असतील तर ती ताठ वर उचलून धरू नका, किंचित आत वळवा. ताठ बोटं हेही जळजळीचं एक छुपं कारण आहे. स्टूल इतकं उंच हवं की कोपर कीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहील. डायनिंगची खुर्ची बहुतेक वेळा कमीच पडते.

आणि वाद्य. ग्रँड पियानोत दुहेरी सुटकेची यंत्रणा असते. एरार या पॅरिसच्या कारखानदाराने ती 1821 मध्ये आणली. तिच्यामुळे की पूर्ण वर यायच्या आधीच पुन्हा वाजते. अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, ही सोय नसते, आणि स्वस्तातल्या डिजिटलमध्येही की बरीचशी वर आल्याशिवाय सेन्सर दुसरा स्वर धरत नाही. तपासायला सोपं आहे: एक की दाबा, अर्धीच वर येऊ द्या, पुन्हा दाबा. आवाज आला नाही तर वेगात तुमचे स्वर गळत असणार, आणि ते गळतात म्हणून तुम्ही नकळत अधिक जोराने मारत असणार. मग दोष हाताचा धरायचं कारण नाही, अशा वाद्यावर मेट्रोनोम 120 च्या पुढे जाऊ नका.

'सर्कशी वादक' या आरोपाकडे येतो. त्याच्या हयातीत समीक्षकांचा एक मोठा गट असं म्हणायचा, आणि तो पूर्ण बिनबुडाचा नव्हता. त्सिफ्रा छापील संहितेत भर घालतो, गती मनासारखी खेचतो, मध्येच दुसराच मजला बांधतो. बेथोवनच्या सोनाटांसाठी मी विद्यार्थ्यांना त्याच्याकडे पाठवत नाही. पण आरोप करणारे एक विसरतात: तो मुळात उपजवादक होता, म्हणजे जागेवर रचणारा. भुंग्यासारख्या रचना त्याच्या बोटांत आधी जन्मल्या, कागदावर नंतर आल्या. आपल्याकडे तान कागदावरून पाठ करून घेतली तर ती कशी वाटेल? त्याचं लेखी रूप घेऊन फक्त वेगाची नक्कल करणं म्हणजे तेच. म्हणून ऑक्टेव्हच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे करा: तुम्हाला तोंडपाठ असलेली एखादी आरतीची चाल कानाने बसवा, ती तीन वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांतून वाजवा, आणि दर वेळी डाव्या हाताची साथ बदला, एकदा लांब सूर, एकदा वॉल्ट्झचा तीन मात्रांचा ठेका, एकदा दहावीस स्वरांची धावती साथ. बारमध्ये रात्रभर वाजवणाऱ्याचा रियाज साधारण असाच असतो. यातून हात आपोआप मोकळा होतो, कारण पुढचा स्वर कुठला ते डोकं ठरवत असतं आणि आवळायला फुरसत मिळत नाही.

ऐकायची सुरुवात भुंग्यापासून करू नका. लिस्टची अकरावी हंगेरियन रॅप्सडी घ्या. तिच्या आरंभी लिस्टने लिहिलंय, सिंबालोमसारखं वाजवा. हळू, थरथरते, पुनरावृत्त स्वर, काठ्या तारांवर हलकेच नाचाव्यात तसे. सिंबालोमवादकाच्या मुलाने ते वाजवलेलं ऐका. प्रत्येक थरथरीचा जोर थोडा वेगळा आहे, आणि ओळीच्या शेवटी तो नाद कापत नाही, विरू देतो. या रॅप्सड्यांची घडण रोमा वाद्यवृंदांच्या वादनाची आहे, आधी संथ भाग, मग द्रुत. आपल्याला विलंबित-द्रुतची सवय असल्याने हे चटकन पटतं. रॅप्सड्या त्याने दोनदा ध्वनिमुद्रित केल्या, पन्नाशीच्या दशकाअखेर आणि पुन्हा सत्तरीच्या दशकात. आधी पहिला संच ऐका, त्यात झपाटा आहे. दुसऱ्यात द्रुत भाग जरा जड वाटतात, संथ भाग मात्र अधिक खोल.

त्यानंतर लगेच त्याने वाजवलेले कूपरँ आणि स्कार्लात्ती हे जुने संगीतकार ऐका. सतराव्या-अठराव्या शतकातले छोटे तुकडे, आवाज पाकळीएवढा, ऑक्टेव्हचा धडाका नाही. कसरतपटू म्हणणाऱ्यांना मी तेच लावून देतो. मग लिस्टचे ट्रान्सेंडेंटल एट्यूड, आणि शेवटी हवं तर 'ग्रां गालो क्रोमातिक' आणि भुंगा. जुनं फ्रेंच टीव्हीवरचं चित्रीकरण मिळालं तर आवाज बंद करून बघा आणि फक्त खांद्यांकडे लक्ष ठेवा. ते जवळपास हलत नाहीत.

पुढच्या आयुष्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. 1966 मध्ये त्याने ओव्हेर्न्य प्रांतातल्या ला शेझ-दिय या गावच्या मठात संगीत महोत्सव सुरू केला. 1968 मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतलं. 1973 मध्ये पॅरिसजवळच्या सांलीस गावातलं सँ-फ्रांबूर हे मध्ययुगीन राजचॅपेल विकत घेतलं. त्याचं तेव्हा मोटार गॅरेज झालं होतं. ते दुरुस्त करून त्याने तिथे लिस्टच्या नावाचं सभागृह केलं, खिडक्यांच्या रंगीत काचा चित्रकार जोआन मिरोने केल्या. तरुण वादकांना मंच मिळावा म्हणून त्याने काढलेल्या प्रतिष्ठानाचं काम याच वास्तूत चालायचं.

मुलगाही ज्यॉर्जच, तो ऑर्केस्ट्रा संचालक झाला होता आणि बापलेकांनी एकत्र ध्वनिमुद्रणं केली. लिस्टचे दोन्ही कॉन्चेर्तो ऑर्केस्त्र द पारीबरोबरचे मिळतात, तेच घ्या. 1981 मध्ये हा मुलगा आगीत गेला. त्यानंतर त्सिफ्रा एकट्याने वाजवत राहिला, पण 15 जानेवारी 1994 ला मरेपर्यंत ऑर्केस्ट्राबरोबर पुन्हा कधी बसला नाही. त्यामुळे 1985 चं म्हणून कोणी तुम्हाला कॉन्चेर्तो विकत असेल, तर ते एक तर जुनं आहे किंवा त्याचं नाही.